उरोस्थीविना जगताना

गळ्याच्या खाचेपासून पोटाच्या सुरुवातीपर्यंत छातीच्या मध्यभागी हाताला लागणारे चपटे हाड म्हणजे उरोस्थी. प्रौढ माणसात तिची लांबी साधारण १५ ते १७ सेंटिमीटर असते. जुन्या शरीररचनाकारांना तिच्यात आखूड तलवार दिसली, म्हणून तिच्या तीन भागांना त्यांनी मूठ, पाते आणि टोक या अर्थांची नावे दिली. वर दोन्ही बाजूंनी गळपट्टीची हाडे तिला टेकतात, तर बरगड्यांच्या वरच्या सात जोड्या कूर्चांच्या साहाय्याने थेट तिला येऊन मिळतात. हृदयाचा उजवा कप्पा तिच्या अगदी मागे असतो. हे हाड काढून टाकल्यावर माणूस जगू शकतो का, हा प्रश्न वैद्यकीय विद्यार्थ्याला सहसा पडत नाही. मलाही तो वयाच्या ४९व्या वर्षापर्यंत पडला नव्हता.

२०१७ साली माझी बायपास शस्त्रक्रिया झाली. नंतर जखमेत जंतुसंसर्ग झाला, तो हाडात उतरला आणि अखेर उरोस्थीचे पाते, टोक व मुठीचा खालचा बराचसा भाग काढावा लागला. तेव्हापासून मी या हाडाविना जगत आहे आणि बालरोगतज्ज्ञ म्हणून कामही करीत आहे. स्मरणिकेच्या संपादकांनी 'आपल्या विषयावर काही लिहा' असे सुचविले, तेव्हा बालरोगापेक्षा हाच विषय निवडावा असे वाटले. त्याला कारण आहे. आपल्या इंदूरचे अनेक रुग्ण हृदयशस्त्रक्रियेसाठी मुंबई, अहमदाबाद, दिल्ली गाठतात आणि आठ-दहा दिवसांत घरी परततात. संसर्ग डोके वर काढतो तोही साधारण याच सुमारास. अशा वेळी जखम प्रथम पाहणारा असतो तो गल्लीतला फॅमिली डॉक्टर, म्हणजे आपल्यापैकीच कोणीतरी.

हाड उभे चिरण्याची पद्धत

छातीचे हाड मध्यावर उभे चिरून आत शिरण्याची कल्पना हर्बर्ट मिल्टन या शल्यविशारदाने कैरो येथे १८९७ साली मांडली. हृदयशस्त्रक्रियेत ती रूढ झाली मात्र १९५७ नंतर, शिकागोच्या ऑर्मंड ज्युलियन आणि सहकाऱ्यांनी तिचे फायदे दाखवून दिल्यावर. या मार्गाने हृदय पूर्णपणे समोर येते, फुफ्फुसांची पोकळी उघडावी लागतेच असे नाही आणि वेदनाही तुलनेने कमी होतात. शस्त्रक्रिया संपली की हाडाचे दोन भाग स्टीलच्या तारांनी बांधतात. हाड सांधायला आठ ते बारा आठवडे लागतात.

बहुतेकांचे हाड विनातक्रार सांधते. शंभरात साधारण एक ते तीन रुग्णांत खोलवर संसर्ग होतो. मधुमेह, स्थूलता, धूम्रपान, जुनाट श्वसनविकार, रक्तस्रावामुळे छाती पुन्हा उघडावी लागणे ही त्याची मुख्य कारणे. आणखी एक कारण बायपासमध्येच दडलेले आहे. उरोस्थीला रक्तपुरवठा होतो तो तिच्या दोन्ही कडांनी उतरणाऱ्या अंतःस्तन धमन्यांच्या शाखांतून. आणि बायपाससाठी सर्वांत टिकाऊ ठरलेली नळी म्हणजे हीच धमनी. ती हृदयाकडे वळवली की हाडाच्या त्या बाजूचा रक्तपुरवठा घटतो. दोन्ही बाजूंच्या धमन्या वापरल्या आणि रुग्ण मधुमेही असला, तर धोका आणखी वाढतो. मला दहा वर्षांपासून मधुमेह होता व एका बाजूची धमनी वापरली होती. माझ्या जखमेतून वाढलेला जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस होता. अशा संसर्गात हा जंतू नेहमी भेटतो. निरोगी प्रौढांतही साधारण तिघांपैकी एकाच्या नाकात तो वस्तीला असतो.

हाड का काढावे लागते

संसर्ग वरच्या थरात असेल तर जखम उघडून, धुऊन, प्रतिजैविके देऊन भागते. तो हाडात आणि हाडामागे पोहोचला की हाडाचे तुकडे रक्तपुरवठ्याविना मृत होतात. मृत हाडात औषध पोहोचत नाही, त्यामुळे जंतूंना तिथे आयते घर मिळते. एके काळी जखम नुसती उघडी ठेवून भरण्याची वाट पाहत, आणि त्यात अनेक रुग्ण दगावत. १९६३ साली शूमॅकर व मँडेलबॉम यांनी जखम बंद करून नळ्यांवाटे प्रतिजैविकांच्या द्रावणाने सतत धुण्याची पद्धत मांडली. १९७६ साली ली व सहकाऱ्यांनी उरोस्थी पूर्ण काढून त्या जागी पोटातील ओमेंटम, म्हणजे आतड्यांवरचा चरबीचा पडदा, वर आणून बसविल्याचे प्रसिद्ध केले. १९८० साली अटलांटाच्या जर्कीविच यांनी छातीच्या स्नायूंचे पदर वापरून ती पोकळी भरण्याचा मार्ग दाखविला. या सर्वांमागील विचार एकच आहे: मृत ते सर्व काढावे आणि रिकाम्या जागी भरपूर रक्तपुरवठा असलेली जिवंत ऊती आणावी. १९९७ साली अर्जेंटा व मॉरिक्वस यांनी जखमेवर स्पंज बसवून ऋण दाबाने स्राव खेचून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिला आपण 'व्हॅक' म्हणतो. पदर बसवण्याआधी जखम स्वच्छ करण्यासाठी आज ती सर्रास वापरतात.

माझ्या बाबतीत हाच क्रम झाला. अकराव्या दिवशी ताप आला, बाराव्या दिवशी जखमेच्या खालच्या टोकातून पाणी झिरपले. पुन्हा शस्त्रक्रिया, मग व्हॅक, मग हाड काढणे. शेवटी दोन्ही बाजूंचे छातीचे मोठे स्नायू मध्यभागी सरकवले आणि खालच्या भागात ओमेंटम आणून बसविले. सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके चालू होती.

हाडावाचून श्वास

सर्वांना प्रथम भीती वाटते ती श्वासाची. उरोस्थी नसल्यामुळे श्वास घेताना छातीचा मधला भाग फुगण्याऐवजी आत ओढला जातो आणि खोकताना बाहेर येतो. सुरुवातीचे काही दिवस म्हणूनच व्हेंटिलेटर लागू शकतो. मात्र शांत श्वसनाचे बहुतेक काम श्वासपटल करते आणि त्याला उरोस्थीची फारशी गरज नसते. शिवाय काही महिन्यांत स्नायूंचे पदर व भोवतालचा व्रण मिळून मध्यभागी एक घट्ट, लवचीक पडदा तयार होतो आणि उलटी हालचाल कमी होत जाते. फुफ्फुसांची क्षमता काहीशी घटते. सपाट रस्त्यावर मला ती जाणवत नाही, पण दोन जिने चढून बोलायला गेलो की जाणवते.

बालरोगतज्ज्ञाला ही अवस्था अगदीच अपरिचित नाही. गर्भावस्थेत उरोस्थी दोन पट्ट्यांच्या रूपाने तयार होते आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास त्या मध्यभागी जुळतात. क्वचित त्या जुळत नाहीत आणि बाळ फटीसह जन्माला येते. कातडीखाली हृदयाचे ठोके डोळ्यांना दिसतात. अशा बाळाची दुरुस्ती जन्मानंतर लवकर करतात, कारण त्या वयात छातीचा पिंजरा मऊ असतो. गुंतागुंतीच्या हृदयशस्त्रक्रियेनंतर नवजात बाळाची छाती काही दिवस मुद्दाम उघडीही ठेवतात, कारण सुजलेल्या हृदयाला बंद पिंजऱ्यात जागा पुरत नाही. माझ्या आजारपणात या बाळांची आठवण मला धीर देत असे.

रोजचे जगणे

डिस्चार्ज कार्डावर औषधांची यादी होती. पुढे कसे जगायचे, याविषयी एक ओळही नव्हती. ते मला फिजिओथेरपिस्ट ताईंनी, सौ.ने आणि अनुभवाने शिकवले. इतरांना उपयोग व्हावा म्हणून क्रमाने सांगतो.

खोकला, शिंक, उचकी, हसणे आणि शौचाला जोर करणे, या पाचही गोष्टींत छातीतील दाब एकदम बदलतो. अशा वेळी लहानशी घट्ट उशी दोन्ही हातांनी छातीशी धरावी. मी ती वर्षभर सोबत बाळगली. आता खोकला झाला तरच काढतो. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. दरवर्षी फ्लूची लस आणि न्यूमोकॉकसची लस घ्यावी, कारण आपल्याला प्रत्येक खोकला महाग पडतो.

खांद्यांची ताकद कमी होते. छातीचा मोठा स्नायू जागेवरून हलवल्यामुळे हात शरीराकडे ओढण्याचा आणि आत वळवण्याचा जोर घटतो. पंप मारणे, जड दार ओढणे, भरलेली बादली उचलणे या गोष्टी अवघड होतात. तरीही खांदे आखडू देणे अधिक वाईट. सर्जनच्या परवानगीने हात वर नेणे, भिंतीवर बोटे चढवणे, खांदे मागे घेणे हे व्यायाम रोज करावेत. छाती जपण्याच्या भीतीने माणूस पुढे वाकून चालू लागतो आणि वर्षभरात पाठ कुबड धरते. सौ. मला दिवसातून दहा वेळा 'ताठ बसा' म्हणत असे. त्या बोलण्याचा तेव्हा राग येई, आज मी तिचा ऋणी आहे.

झोपेची अडचण बरेच दिवस राहते. कुशीवर वळले की बरगड्यांची मोकळी टोके एकमेकांकडे सरकतात आणि टोचतात. पाठीखाली उतरती उशी व दोन्ही बाजूंना दोन उशा ही सोय मला मानवली. मधल्या कातडीला स्पर्श नीट कळत नाही, पण थंडी मात्र चटकन झोंबते. माळव्याच्या डिसेंबरात मी सदऱ्याखाली लोकरी बंडी घालतो. याच बधिरपणामुळे गरम पाण्याची पिशवी छातीवर ठेवू नये, भाजले तरी कळत नाही.

मार लागण्याची भीती खरी आहे. मध्यभागी हृदय आणि बाहेरचे जग यांच्यात आता फक्त कातडी, स्नायू आणि चरबी आहे. मी दुचाकी सोडली. मोटारीत सीटबेल्ट लावतोच, पट्टा आणि छाती यांच्यामध्ये छोटी गादी ठेवतो. गर्दीच्या प्रवासासाठी कृत्रिम अवयव बनवणाऱ्याकडून आतून फोम लावलेले प्लास्टिकचे हलके कवच करून घेतले आहे. राजवाड्यावरची रंगपंचमीची गेर आता गच्चीवरून पाहतो. दसऱ्याला सोने देताना गळाभेटीऐवजी नमस्कार करतो. ओळखीच्यांना कारण ठाऊक आहे, इतरांना वाटते डॉक्टर जुन्या वळणाचे.

दवाखान्यातही बदल करावे लागले. बालरोगतज्ज्ञाला दिवसभर लाथा खाव्याच लागतात. घसा पाहताना तीन वर्षांचे मूल पाय झाडते ते नेमके समोरच्याच्या छातीवर. आता मूल आईच्या मांडीवर, तिच्या दंडाच्या कवेत घट्ट असते आणि मी समोर न बसता एका बाजूला बसतो. स्टेथोस्कोप गळ्यात न अडकवता खिशात ठेवतो, कारण त्याचा लोलक चालताना नेमका मध्यावर आपटतो. वजनकाट्यावर बाळ ठेवण्याचे काम सिस्टरकडे दिले आहे. मुलांना उचलून घेणे बंद झाले, याचे मात्र वाईट वाटते. वीस-बावीस वर्षांची सवय होती.

मनाविषयीही लिहिले पाहिजे. आरशात छातीच्या मध्यभागी ठोका दिसतो. पहिले काही महिने मी आंघोळ करताना आरशाकडे पाठ करीत असे. रात्री तो ठोका मोजत पडून राहणे, झोप न लागणे, कारण नसताना चिडणे ही नैराश्याची लक्षणे होती आणि ती ओळखून मानसोपचार घेतल्याचा मला फायदा झाला. अशा रुग्णाला 'देवाने वाचवले, आता चिंता कसली' असे सांगून गप्प करू नये.

इतर डॉक्टरांना काय ठाऊक हवे

उरोस्थी नसलेल्या माणसाने पाकिटात एक कार्ड ठेवावे आणि त्यावर या गोष्टी लिहाव्यात.

ई.सी.जी.साठी दुसरी बरगडी शोधण्याची नेहमीची खूण, मूठ आणि पाते यांच्या जोडावरचा उंचवटा, आता नाही. गळपट्टीच्या हाडापासून बरगड्या मोजाव्या लागतात. छातीची रचना बदलल्याने आलेखही थोडा वेगळा दिसू शकतो, म्हणून बरे असतानाचा ई.सी.जी. जवळ ठेवावा. अन्यथा छातीत साधी कळ आली तरी तुलना करायला काही नसते.

ओमेंटम वर नेले असेल तर पोटाच्या कोणत्याही शस्त्रक्रियेआधी सर्जनला ते सांगितलेच पाहिजे. त्याची रक्तवाहिनी पोटातूनच वर गेलेली असते. नकळत ती कापली गेली तर छातीतला पदर धोक्यात येतो. ज्या वाटेने ते वर नेले तिथे हर्नियाही होऊ शकतो.

छाती पुन्हा उघडण्याची वेळ आली तर हृदय व्रणाला चिकटलेले असू शकते, हे सर्जनला आधीच कळायला हवे. छातीच्या मध्यभागी मालिश किंवा कोणत्याही पद्धतीने सुया टोचून घेऊ नयेत.

हृदय बंद पडले तर काय, असा प्रश्न मला सहकारी दबक्या आवाजात विचारतात. माझ्या कार्डावर मी लिहिले आहे: उरोस्थी नाही, छातीवर दाब द्यावा, डिफिब्रिलेटर लवकरात लवकर आणावा, पट्ट्या पुढे-मागे लावता येतील. इजेचा धोका अधिक आहे हे मी जाणतो. पण थांबलेल्या हृदयासमोर हात बांधून उभे राहणे हा पर्याय मला मान्य नाही. प्रत्येक रुग्णाने आपल्या सर्जनशी हे आधीच बोलून ठेवावे.

टाळता येईल तेवढे टाळावे

या संसर्गाविरुद्धची बरीचशी लढाई शस्त्रक्रियेच्या आधी लढायची असते आणि तीत फॅमिली डॉक्टरचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतील पोर्टलंड येथे डॉ. फर्नरी व सहकाऱ्यांनी २४६७ मधुमेही रुग्णांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या काळात इन्शुलिन कातडीखाली देण्याऐवजी शिरेतून सतत दिल्यावर खोल संसर्गाचे प्रमाण २ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर साखर आधी आटोक्यात आणावी. तंबाखू आणि सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद करावी. दात व त्वचेचे संसर्ग आधी बरे करावेत. नाकात स्टॅफिलोकॉकस असेल तर म्युपिरोसिनचे मलम देता येते. छातीवरचे केस वस्तऱ्याने काढू नयेत, गरज असल्यास क्लिपरने काढावेत. प्रतिजैविकाचा पहिला डोस छेद घेण्याआधीच्या तासाभरात पोहोचला पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर स्थूल स्त्रियांना योग्य आधार देणारी अंतर्वस्त्रे द्यावीत, कारण स्तनांच्या भाराने जखमेच्या कडा ओढल्या जातात.

लहान मुलांच्या पालकांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. हृदयशस्त्रक्रिया झालेल्या मुलाला हाड सांधेपर्यंत काखेत हात घालून उचलू नये. एक हात मानेखाली-पाठीखाली आणि दुसरा कुल्ल्यांखाली घालून ओंजळीत घ्यावे तसे उचलावे. आजी-आजोबांना हे दाखवायला विसरू नये, कारण घरात मूल त्यांच्याच हातांत अधिक असते.

दहाव्या दिवसाची तपासणी

परगावाहून शस्त्रक्रिया करून आलेला रुग्ण टाके दाखवायला आला, तर पुढील लक्षणे अवश्य पाहावीत.

१. जखमेतून स्राव, मग तो दोन थेंब आणि पाण्यासारखा स्वच्छ असला तरी.
२. खोकताना किंवा कूस बदलताना छातीत 'कट्' असा आवाज. जखमेच्या दोन्ही बाजूंना हलके तळवे ठेवून रुग्णाला हळूच खोकायला सांगावे. दोन भाग वेगवेगळे हलत असतील तर हाड सुटलेले आहे.
३. चार-पाच दिवसांनंतर नव्याने आलेला ताप.
४. कमी होत चाललेली वेदना पुन्हा वाढणे.
५. मधुमेही रुग्णाची साखर एकाएकी हाताबाहेर जाणे.
६. तान्ह्या बाळाने दूध टाकणे, उचलताच रडणे, सतत किरकिर करणे. बाळात ताप असेलच असे नाही.

यांपैकी एकही लक्षण असल्यास गोळ्या देऊन 'चार दिवसांनी दाखवा' म्हणू नये. प्रतिजैविकाने ताप उतरतो, जखम वरून सुकते आणि आत हाड कुजत राहते. वरून टाका घालू नये, जखमेत सळई घालून पाहू नये. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर प्रतिजैविकाआधी रक्त आणि स्राव कल्चरसाठी घ्यावा. शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनशी त्याच दिवशी फोनवर बोलावे आणि रुग्णाला तिथे किंवा जवळच्या हृदयशल्यविभागात पाठवावे. लवकर उघडलेल्या जखमेत पुष्कळदा हाड वाचते. उशीर झाला की हाड जाते, आणि कधी रुग्णही जातो.

उरोस्थीविना जगणाऱ्यांसाठी वरील सूचनांचे एक पानी पत्रक मी मराठी व हिंदीत तयार केले आहे. ज्या सदस्यांना आपल्या दवाखान्यात ठेवायचे असेल त्यांनी मंडळाच्या पुढील मासिक सभेत माझ्याकडून प्रती घ्याव्यात. शस्त्रक्रिया करून परतलेला कोणताही रुग्ण आला, तर कितीही गर्दी असो, त्याची पट्टी स्वतः उघडून पाहावी, एवढी सर्व सहव्यावसायिक बंधुभगिनींना नम्र विनंती.